‘कोठडी’ म्हणजे नेमके कुठे? थोड्या काळासाठी बंदिस्त ठेवण्याच्या जागांची मराठी नावे

माणदेशी

नमस्कार. अटक झालेल्या व्यक्तींच्या घरच्यांसाठी आम्ही काही जण मिळून मराठीत एक छोटी माहितीपत्रिका तयार करत आहोत. घरातल्या माणसाला पोलिसांनी नेल्यानंतर पहिल्या काही दिवसांत जे कळायलाच हवे, म्हणजे तो कुठे आहे, त्याला भेटता येईल का, कपडे आणि औषधे कोणाकडे द्यायची, जामिनाचा अर्ज कधी करायचा, तेवढेच तिच्यात असेल. मसुदा लिहिताना सर्वांत जास्त अडचण ‘कोठडी’ या शब्दाची येत आहे आणि त्याविषयी जाणकारांचे मत हवे आहे.

‘तीन दिवसांची पोलीस कोठडी सुनावली’, ‘न्यायालयीन कोठडीत रवानगी’, ‘कोठडीचे गज कापून पलायन’, ‘कोठडीत मृत्यू’ ही चारही वाक्ये आपण वर्तमानपत्रांत वाचतो. पण प्रत्येक वाक्यात कोठडी म्हणजे एकच जागा आहे असे धरले, तर वाचणाऱ्याची फसगत होते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाने मुलाला ‘न्यायालयीन कोठडी’ मिळाल्याचे वाचले आणि दुसऱ्या दिवशी ते डबा घेऊन न्यायालयाच्या इमारतीत गेले, कारण न्यायालयीन कोठडी न्यायालयातच असणार असे त्यांना वाटले. ते दुपारपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहिले. मुलगा आदल्या संध्याकाळीच जिल्हा कारागृहात पोहोचला होता.

माझे दोन प्रश्न आहेत. थोड्या काळासाठी माणसाला ठेवण्याच्या जागेला सर्वांना समजेल असा एक मराठी शब्द आहे का, आणि लॉकअप, हवालात, कोठडी, सब-जेल, दुय्यम कारागृह यांपैकी कोणता कुठे वापरावा? दुसरे असे की, अमेरिकेत राहणारा माझा एक नातेवाईक सांगतो की, तिकडे ‘जेल’ आणि ‘प्रिझन’ या वेगळ्या संस्था आहेत आणि जेल अल्प मुदतीसाठी असते. आपल्याकडे असा भेद आहे का?

तालुकाकोर्ट

मी तालुका न्यायालयात दीर्घकाळ फौजदारी वकिली केली आहे. आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याच्या उत्तरात पहिल्याचेही बरेचसे उत्तर आहे.

अमेरिकेत साधारणपणे काउंटीचा शेरीफ जे चालवतो ते जेल, आणि खटल्याची वाट पाहणारे व साधारण एक वर्षापर्यंतची शिक्षा झालेले लोक तिथे असतात. त्याहून मोठ्या शिक्षेचे कैदी राज्याच्या किंवा संघराज्याच्या प्रिझनमध्ये जातात. आपल्या कायद्याने अशी मुदतीवरची विभागणी केलेली नाही. तुरुंगांविषयीच्या १८९४ च्या कायद्याने तुरुंगाची जी व्याख्या केली, तिच्यात राज्य शासनाच्या आदेशाने बंद्यांना ठेवण्यासाठी कायमची किंवा तात्पुरती वापरली जाणारी कोणतीही जागा येते, आणि जे बंदी केवळ पोलिसांच्या ताब्यात आहेत त्यांना ठेवण्याची जागा तिच्यातून स्पष्टपणे वगळलेली आहे. याचा अर्थ असा की, आपल्याकडे माणूस किती दिवस आत राहणार यावरून जागेचे नाव ठरत नाही. त्याचा ताबा कोणाकडे आहे यावरून ठरते. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये डोंगरीत १०१ दिवस होते, तरी ती जागा तुरुंगच होती. उलट मुंबईचे ऑर्थर रोड कारागृह नावाने ‘मध्यवर्ती’ असले, तरी तिथले बहुसंख्य बंदी अद्याप शिक्षा न झालेले असतात आणि त्यांतला एखादा आठवड्यात बाहेर पडतो, तर एखादा अनेक वर्षे तिथेच राहतो.

म्हणून माहितीपत्रिकेत ‘अल्पमुदतीचा तुरुंग’ असा शब्द शोधण्याऐवजी ‘ताबा कोणाचा’ आणि ‘जागा कोणती’ हे दोन प्रश्न वेगळे ठेवावेत, असे मी सुचवतो. आता क्रमाने सांगतो.

अटक झाल्यावर माणूस पोलिसांच्या ताब्यात असतो. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२(२) प्रमाणे त्याला २४ तासांच्या आत जवळच्या दंडाधिकाऱ्यासमोर हजर करावेच लागते. अटकेच्या ठिकाणापासून न्यायालयापर्यंतच्या प्रवासाला लागणारा आवश्यक वेळ त्या २४ तासांत धरत नाहीत. या काळात तो पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. प्रत्येक ठाण्याला स्वतःचे लॉकअप असतेच असे नाही, त्यामुळे अटक एका ठाण्याने केलेली असते आणि माणूस रात्री दुसऱ्याच ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. घरच्यांची पहिली धावपळ बहुधा इथेच होते.

दंडाधिकाऱ्याने तपासासाठी त्याला पोलिसांकडेच राहू दिले, तर ती ‘पोलीस कोठडी’. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि जुन्या कलम १६७ ची जागा कलम १८७ ने घेतली. पोलीस कोठडीची एकूण कमाल मर्यादा पूर्वीप्रमाणे १५ दिवसांचीच आहे. पण हे १५ दिवस कधी वापरता येतात, यात मोठा बदल झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये अनुपम कुलकर्णी प्रकरणात असे सांगितले होते की, पोलीस कोठडी पहिल्या रिमांडपासूनच्या, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवण्याच्या न्यायालयाच्या पहिल्या आदेशापासूनच्या, १५ दिवसांतच मिळू शकते, त्यानंतर नाही. नव्या संहितेनुसार हे १५ दिवस सलग किंवा तुकड्यांत, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत केव्हाही मागता येतात. पूर्वी सोळाव्या दिवशी घरच्यांना ‘आता पुन्हा पोलिसांकडे जाणार नाही’ असे मी खात्रीने सांगत असे. आता तसे सांगता येत नाही. पत्रिकेत हे ठळकपणे लिहावे, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

दंडाधिकाऱ्याने त्याला पोलिसांच्या ताब्यातून काढून आपल्या अधिकारात ठेवले, तर ती ‘न्यायालयीन कोठडी’. न्यायालयाच्या इमारतीत माणसांना मुक्कामी ठेवण्याची कोणतीही सोय नसते. हजर केलेल्या आरोपींना दिवसभर बसवण्याची खोली काही ठिकाणी असते, पण संध्याकाळी ती रिकामी होते. न्यायालयीन कोठडीतला माणूस कारागृहात असतो. नव्या संहितेच्या कलम १८७ मध्ये हे स्पष्ट शब्दांत आले आहे: पोलीस कोठडी असेल तर पोलीस ठाण्यात, न्यायालयीन कोठडी असेल तर कारागृहात किंवा शासनाने कारागृह म्हणून घोषित केलेल्या जागेत, अन्यत्र कोठेही नाही. आपल्या ओळखीच्या त्या कुटुंबाला कोणीतरी हे एक वाक्य आदल्या दिवशी सांगायला हवे होते.

न्यायालयाच्या आवारात वकील आणि पोलीस यांना ‘पीसीआर’ आणि ‘एमसीआर’ असे म्हणतात, म्हणजे पोलीस कस्टडी रिमांड आणि मॅजिस्ट्रेट कस्टडी रिमांड. घरच्यांच्या कानावर बहुधा हीच अक्षरे पडतात, तेव्हा तीही पत्रिकेत असावीत. ‘एमसीआर झाला’ हे वाक्य आवारात थोड्या समाधानाने उच्चारले जाते, कारण नियमित जामिनाचा अर्ज सहसा त्यानंतर चालवला जातो. पण ते समाधान माहीत नसलेल्या आईला ‘मुलाला तुरुंगात पाठवले’ एवढेच ऐकू येते आणि ती कोसळते. शिक्षा झालेली नाही, दोषी ठरवलेले नाही, हे तिला त्याच क्षणी सांगितले पाहिजे.

दोन्ही कोठड्यांतले दिवस एकत्र मोजून आरोपपत्राची मुदत ठरते. गुन्ह्यानुसार ६० किंवा ९० दिवसांत आरोपपत्र दाखल झाले नाही, तर जामिनाचा हक्क निर्माण होतो, आणि पहिला रिमांड ज्या दिवशी दिला तो दिवसही या मोजणीत धरायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. एका दिवसाच्या चुकीने हा हक्क हातचा जाऊ शकतो. तारखा घरच्यांनी स्वतः वहीत लिहून ठेवाव्यात.

शब्दवेध

तालुकाकोर्ट यांनी कायद्याची बाजू इतकी नीट मांडली आहे की, मी केवळ भाषेपुरते लिहितो.

‘कोठडी’ हा ‘कोठा’चा लहान भाऊ आहे, संस्कृत ‘कोष्ठ’पासून कोठा, कोठी, कोठार ही सगळी मंडळी आली. मुळात तो निव्वळ लहान, बंद खोलीचा शब्द. धान्याची कोठडी, सामानाची कोठडी असे आपण आजही म्हणतो. इंग्रजी अमदानीनंतर ‘कस्टडी’ या कायदेशीर संज्ञेला मराठी शब्द हवा होता, आणि रोजच्या बातमीदारीत ती जागा कोठडीने घेतली. त्यामुळे एका शब्दात खोली आणि अवस्था असे दोन अर्थ राहू लागले.

हे दोन अर्थ वेगळे ओळखण्याची खूण वाक्यातच असते. कोठडी जेव्हा दिवसांनी मोजली जाते आणि सुनावली, मागितली, वाढवली किंवा संपली असे तिच्याविषयी म्हटले जाते, तेव्हा ती अवस्था असते. कोठडीला जेव्हा दार, गज, भिंत किंवा पहारा असतो, तेव्हा ती खोली असते. ‘तीन दिवसांची कोठडी’ या शब्दप्रयोगाला भिंती नाहीत. पोलीस कोठडीतल्या आरोपीला पंचनाम्यासाठी घटनास्थळी नेले, तर तो उघड्या माळावर उभा असतानाही पोलीस कोठडीतच असतो. सर्वोच्च न्यायालयाने निरंजन सिंग प्रकरणात १९८० मध्ये तर असे म्हटले की, जो माणूस स्वतःहून न्यायालयात शरण येतो आणि न्यायालयाच्या आज्ञेखाली उभा राहतो, तोही कायद्याच्या अर्थाने कस्टडीत असतो. त्या माणसाला कोणी कोंडलेले नाही, तरी मराठीत त्याला ‘कोठडीत आहे’ म्हणावे लागते, आणि इथे हा शब्द अपुरा पडतो. कायद्याच्या मराठी भाषांतरांत म्हणूनच ‘अभिरक्षा’ आणि ‘हवालत’ हे शब्द आढळतात. ते अचूक आहेत, पण माणदेशी यांच्या पत्रिकेच्या वाचकांना ते ओळखीचे वाटणार नाहीत.

‘हवालात’चा प्रवास याच्या नेमका उलट झाला आहे, आणि मला तो फार अर्थपूर्ण वाटतो. मूळ अरबी ‘हवाला’ म्हणजे सोपवणे. आपल्या ‘हवाली करणे’ आणि ‘हवालदार’ या शब्दांत तोच धातू आहे. ज्याच्याकडे काही सोपवले आहे तो हवालदार. हवालात हे ‘हवाला’चे अनेकवचन. म्हणजे हा शब्द आधी सोपवलेपणाचा, अवस्थेचा होता आणि हिंदी-उर्दूत तो गजांच्या खोलीचे नाव झाला, तर मराठीत खोलीचा शब्द अवस्थेकडे गेला. विदर्भात आणि मराठवाड्यात हवालात हा शब्द बोलण्यात सहज येतो, पश्चिम महाराष्ट्रात तो पुष्कळदा हिंदी चित्रपटांतला वाटतो. सर्व महाराष्ट्रासाठी छापायच्या मजकुरात मी तो टाळीन.

‘तुरुंग’ हा शब्द अभ्यासकांनी पोर्तुगीज ‘त्रोंकु’शी जोडला आहे. त्रोंकु म्हणजे झाडाचे खोड, आणि त्यावरून कैद्याचे पाय अडकवण्याचे लाकूड, म्हणजे आपल्याकडचा खोडा. मराठीनेही खोडावरूनच खोडा केला. आज ‘कामात खोडा घालणे’ म्हणताना कोणाला त्या लाकडात अडकलेले पाय दिसत नाहीत, पण भिंतींचे तुरुंग येण्यापूर्वी माणसाला थोड्या वेळासाठी डांबण्याचे गावातले साधन तेच होते.

माझे मत असे की, पत्रिकेत खोलीसाठी ‘लॉकअप’ आणि अवस्थेसाठी ‘कोठडी’ असा नियम पाळावा. लॉकअप हा शब्द मराठीत पूर्णपणे रुळला आहे, त्याला दुसरा अर्थ नाही आणि तो खेड्यापाड्यांतही समजतो.

मांडवीकाठ

शब्दवेध यांचा नियम गोव्यात लागू करताना एक काळजी घ्यावी लागेल. आमच्याकडे ‘ज्युडिशियल लॉकअप’ हे जागेचेच नाव होते. पणजी, म्हापसा आणि मडगाव येथे अशी लॉकअपे होती आणि खटला सुरू असलेल्या आरोपींना तिथे ठेवत; पोलीस ठाण्याच्या लॉकअपपासून ती वेगळी होती. वास्कोजवळ सडा येथे सब-जेल, तर शिक्षा झालेल्यांसाठी आग्वाद किल्ल्यातला मध्यवर्ती तुरुंग अशी रचना होती. २०१५ मध्ये आग्वादचे बंदी कोलवाळच्या नव्या मध्यवर्ती कारागृहात हलवण्यात आले. जुन्या पिढीतले लोक मात्र अजूनही ‘लॉकअपमध्ये आहे’ म्हणताना न्यायालयीन कोठडीच सांगत असतात. कोकणीत बोलताना आम्ही बंदखण म्हणतो, आणि त्यात हे सगळेच येते. आपली पत्रिका सिंधुदुर्गात वाटली जाणार असेल, तर हे लक्षात ठेवावे, कारण तिकडच्या कुटुंबांचा गोव्यातल्या न्यायालयांशी संबंध येतो.

जुने दप्तर

मी तहसील कार्यालयात नोकरी केली आहे आणि काही काळ दुय्यम कारागृहाचे काम माझ्या टेबलावर होते. ‘सब-जेल’ आणि ‘दुय्यम कारागृह’ हे एकच. पहिला बोलण्यातला, दुसरा शासकीय कागदावरचा. आपण ज्या जागेसाठी शब्द शोधत आहात, तिच्या सर्वांत जवळ जाणारी जागा हीच आहे, म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहितो.

तालुक्याच्या ठिकाणी, बहुतेक वेळा तहसील कचेरीच्या आवारात किंवा पोलीस ठाण्याला लागून, काही बराकींची एक जुनी इमारत असते. तिचे अधीक्षकपद पदसिद्ध तहसीलदाराकडे असते आणि पहारा पोलिसांचा असतो. इथे प्रामुख्याने त्या तालुक्यातल्या न्यायालयांनी न्यायालयीन कोठडी दिलेले आरोपी ठेवतात. कारागृह विभागाच्या भाषेत त्यांना ‘न्यायाधीन बंदी’ म्हणतात, शिक्षा झालेल्यांना ‘सिद्धदोष बंदी’, आणि लोक सरळ ‘कच्चे कैदी’ व ‘पक्के कैदी’ म्हणतात. माझ्या मते पत्रिकेत ‘कच्चे कैदी’ हा शब्द असावा, कारण तो आपल्या लोकांनी आपल्या समजुतीने घडवला आहे आणि ‘याचा निकाल अजून लागलेला नाही’ ही गोष्ट तो लगेच सांगतो.

अडचण अशी की, पोलीस लॉकअप आणि दुय्यम कारागृह अनेक तालुक्यांत एकाच आवारात असतात, दोन्हीकडे पहारेकरी पोलीसच दिसतो आणि दारेही सारखीच असतात. त्यामुळे न्यायालयाने पोलीस कोठडी संपवून न्यायालयीन कोठडी दिली, तरी घरच्यांना काही बदललेले दिसत नाही. माणूस पंचवीस पावलांवर हलवलेला असतो. पण कायद्याच्या दृष्टीने फार मोठा बदल झालेला असतो: आता तपास अधिकारी न्यायालयाच्या परवानगीशिवाय त्याची चौकशी करू शकत नाही. एखाद्या बंद्याला कोणी तपासासाठी परस्पर बाहेर नेत असेल, तर घरच्यांनी ते ताबडतोब वकिलाला आणि न्यायालयाला कळवावे.

शिवाय न्यायालयीन कोठडी मिळालेला प्रत्येक जण तालुक्याच्या दुय्यम कारागृहातच राहील याची खात्री नसते. जागा भरली, गुन्हा गंभीर असला किंवा स्त्रियांसाठी स्वतंत्र बराक नसली, तर त्याला जिल्हा किंवा मध्यवर्ती कारागृहात वर्ग करतात. म्हणून ‘कोठडी मिळाली’ हे कळल्यावर लगेच पुढचा प्रश्न विचारायचा तो असा: ‘जेल वॉरंट कोणत्या कारागृहाच्या नावाने निघाले?’ न्यायालयाने कोठडीचा आदेश दिल्यावर जो कागद आरोपीबरोबर जातो, त्यावर कारागृहाचे नाव असते. हे नाव न्यायालयातल्या फौजदारी शाखेच्या लिपिकाकडे किंवा त्या पोलीस ठाण्याच्या कोर्ट पैरवी कर्मचाऱ्याकडे, म्हणजे ठाण्याचे न्यायालयातले काम पाहणाऱ्या पोलिसाकडे, कळते. पैरवी कर्मचारी हा न्यायालयाच्या आवारातच असतो आणि नीट विचारले तर तो सांगतो. तारखेला कारागृहातून न्यायालयात आणणाऱ्या पोलिसांच्या तुकडीला ‘कैदी पार्टी’ म्हणतात. आज पार्टी आलेली नाही असे कोणी सांगितले, तर त्याचा अर्थ आपला माणूस आज आणला जाणार नाही असा घ्यावा. बऱ्याचदा अशा वेळी त्याची हजेरी दूरदृश्य प्रणालीवर होते. कारागृहातल्या भेटीला ‘मुलाखत’ म्हणतात. नोकरीच्या मुलाखतीचा हाच शब्द असल्याने पहिल्यांदा ऐकणारे गोंधळतात.

माणदेशी

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या उत्तरांनंतर मसुद्यातला परिच्छेद असा केला आहे:

‘पोलीस कोठडी म्हणजे तपासासाठी पोलिसांच्या ताब्यात. माणूस पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये असतो. कोणत्या ठाण्याच्या, हे विचारा. न्यायालयीन कोठडी म्हणजे न्यायालयाच्या अधिकारात. माणूस कारागृहात असतो, न्यायालयाच्या इमारतीत नाही. कोणत्या कारागृहात, हे जेल वॉरंटवरून विचारा. दोन्हींत शिक्षा झालेली नसते.’

अजून तीन शंका आहेत. अल्पवयीन मुलांच्या बाबतीत बातम्यांत कधी कोठडी, कधी रिमांड होम, कधी सुधारगृह असे येते, योग्य काय? स्त्रियांसाठी वेगळी सूचना हवी का? आणि ‘स्थानबद्ध’ म्हणजे कोठडीच का?

तालुकाकोर्ट

परिच्छेद उत्तम झाला आहे. शब्दवेध यांच्या नियमाशी मी सहमत आहे, फक्त ‘कोठडी’ हा शब्द गाळू नका, कारण घरच्यांना बातमीत तोच दिसणार आहे आणि न्यायालयाबाहेर तोच ऐकू येणार आहे.

अल्पवयीनांच्या बाबतीत कोठडी हा शब्द वापरूच नये. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम १० प्रमाणे कायद्याशी संघर्षग्रस्त बालकाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला बाल न्याय मंडळासमोर २४ तासांत हजर करतात आणि घरी पाठवले नाही, तर चौकशी होईपर्यंत निरीक्षणगृहात ठेवतात. ‘रिमांड होम’ हे त्याचेच जुने नाव असून लोकांच्या तोंडी अजून तेच आहे, म्हणून पत्रिकेत ‘निरीक्षणगृह, ज्याला लोक रिमांड होम म्हणतात’ असे लिहावे. १८ वर्षांखालच्या मुलाला रात्रभर लॉकअपमध्ये बसवून ठेवले असेल, तर ते बेकायदेशीर आहे, हे निःसंदिग्धपणे छापा. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला घेऊन त्याच रात्री ठाण्यात जा, असेही छापा.

स्त्रियांसाठी वेगळी सूचना निश्चित हवी. पत्रकार शीला बर्से यांनी मुंबईतल्या लॉकअपमधील स्त्रियांच्या छळाविषयी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले होते. त्यावर १९८३ मध्ये न्यायालयाने केवळ स्त्रियांसाठी चांगल्या वस्तीत चार-पाच स्वतंत्र लॉकअपे ठेवावीत आणि तिथे महिला पोलिसांचाच पहारा असावा, असे निर्देश दिले. त्याआधी १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर अत्याचार झाला, आणि सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष ठरवल्यानंतर देशभर जो संताप उसळला, त्यातून १९८३ मध्ये ताब्यातील स्त्रीवरच्या बलात्काराविषयी कायदा बदलला. मथुरा त्या रात्री आरोपी नव्हती; तिला कोणी कोठडी सुनावली नव्हती. ती केवळ पोलीस ठाण्याच्या आवारात होती. लॉकअप, कोठडी, ठाणे या शब्दांमधला फरक कागदावर कितीही स्पष्ट असला, तरी जबाबदारी ठाण्याच्या दारापासूनच सुरू होते, हे त्या प्रकरणाने आपल्याला शिकवले. अपवादात्मक परिस्थिती आणि दंडाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी सोडता, स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही, हेही पत्रिकेत घ्या.

‘स्थानबद्ध’ वेगळे आहे. तिथे झालेल्या गुन्ह्याचा तपास सुरू नसतो. पुढे काही घडू नये म्हणून प्रतिबंधक आदेशाने माणसाला ठेवलेले असते, जसे महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्याखाली, ज्याला सर्वजण एमपीडीए म्हणतात. तो कारागृहातच असतो, पण त्याला जामीन नसतो. त्याच्या आदेशाविरुद्ध सल्लागार मंडळापुढे आणि उच्च न्यायालयात जावे लागते. पत्रिकेत याला एकच ओळ द्या आणि वकिलाकडे पाठवा.

शब्दवेध

‘कोठडीत मृत्यू’ या मथळ्याविषयी एक सूचना राहिली. यातही पोलीस कोठडी की न्यायालयीन, हे बातमीत पहिल्याच वाक्यात यायला हवे, कारण एका ठिकाणी ठाणे उत्तरदायी असते आणि दुसऱ्या ठिकाणी कारागृह. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने १९९३ पासून दोन्ही प्रकारच्या मृत्यूंची खबर २४ तासांत कळवणे बंधनकारक केले आहे. बातमीदार मित्रांनी किमान एवढा भेद तरी पाळावा, ही मनापासूनची विनंती.

जुने दप्तर

माणदेशी, आपल्या परिच्छेदात एक ओळ वाढवा. बंदी आजारी पडला तर त्याला सरकारी रुग्णालयात दाखल करतात आणि खाटेजवळ पोलीस पहारा असतो. तेव्हा तो लॉकअपमध्येही नसतो आणि कारागृहातही नसतो, पण त्याची कोठडी सुरूच असते आणि ते दिवस ६० किंवा ९० दिवसांच्या मोजणीत धरले जातात. कारागृहाच्या दारात ‘तो इथे नाही’ असे उत्तर मिळाले, तर घाबरून परत न जाता ‘रुग्णालयात दाखल केले आहे का, आणि कोणत्या वॉर्डात’ असे विचारावे. भेटीची परवानगी कारागृह अधीक्षकाकडून किंवा न्यायालयाकडून घ्यावी लागते. पहाऱ्यावरचा शिपाई ती देऊ शकत नाही, म्हणून त्याच्याशी वाद घालण्यात वेळ घालवू नये.